आकाश निळंशार आणि बंदर कॅन्सल

आमच्या सहा रात्रींच्या क्रूझमध्ये पाच बंदरं होती, त्यातली दोन झालीच नाहीत, आणि ती नेमकी ज्यांच्यासाठी आम्ही गेलो होतो तीच दोन. मिकोनोस आणि सँटोरिनी, ग्रीसची दोन बेटं. निघायच्या आधी "वारा असला तर बंदर रद्द होऊ शकतं" एवढं एक वाक्य मी वाचलं होतं, पण तसं झाल्यावर त्या दिवशी नक्की काय काय करायचं असतं हे कुठेच धड सापडलं नव्हतं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, आमच्या चुकांसकट.

बुकिंग केलं जानेवारी २०२५ मध्ये. मी, नवरा आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई. ६ ऑगस्टला अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघायचं, ७ ला मिकोनोस, ८ ला तुर्कस्तानातलं कुशादासी, ९ ला ऱ्होड्स, १० ला सँटोरिनी, ११ ला क्रीटचं हेराक्लिओन आणि १२ ला सकाळी परत पिरेयस. तुर्कस्तान मध्ये आल्यामुळे शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीच घ्यावा लागला, सिंगल एंट्रीवर एकदा बाहेर पडलात की परत ग्रीसमध्ये उतरायची पंचाईत. तुमच्या रूटवर सगळी शेंगेन देशांतलीच बंदरं असली तरी जमलं तर मल्टिपलच मागा, कारण बदली बंदर कुठल्या देशातलं मिळेल ते आपल्या हातात नसतं.

ऑगस्ट का, तर सुट्ट्या तेव्हाच मिळत होत्या. आणि ऑगस्टमध्ये ग्रीसला पाऊस पडत नाही, आकाश स्वच्छ असतं, हे वाचून आम्ही खूशच होतो. पाऊस नाही म्हणजे हवामान चांगलं, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना आपल्या, तिथेच घोळ झाला. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून एक वारा सुटतो, मेल्टेमी म्हणतात त्याला, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सगळ्यात जास्त. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, मग मधल्या समुद्रावरून वारा नुसता धावत सुटतो, आणि गंमत म्हणजे तुर्कस्तानवरचा तो कमी दाब आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडे पसरलेलं टोक असतं. म्हणजे आपल्याला पाऊस देणारी सिस्टिमच तिकडे बोटी अडवते! जुने ग्रीक लोक ह्याला एटेशियन म्हणायचे, म्हणजे दरवर्षी येणारा. दरवर्षी येणारा वारा, आणि आम्हाला पत्ताच नाही.

निघायच्या आधी आम्ही तीन गोष्टी बुक केल्या होत्या. मिकोनोसहून डेलोस बेटावर जायची बोट (जुने अवशेष आहेत तिथे, युनेस्कोच्या यादीतलं ठिकाण), थेट बोटवाल्यांच्या साइटवरून. मिकोनोसलाच समुद्रकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये दुपारचं टेबल, कार्ड नंबर देऊन. आणि सँटोरिनीला एक खाजगी गाडी, दिवसभराचे २४० युरो, त्यातले ६० आगाऊ. गाडीवाल्याला मी सहज मेलमध्ये विचारलं होतं की जहाज आलंच नाही तर काय, त्याने एका ओळीत उत्तर दिलं, जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत. ती एक ओळ पुढे फार कामाला आली. रेस्टॉरंटला मात्र काही विचारलं नव्हतं. आईंसाठी कुशादासीजवळच्या एफेसस ह्या प्राचीन शहराची सहल जहाजाकडूनच घेतली होती, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून.

६ तारखेला दुपारी जहाजावर चढलो. संध्याकाळी निघताना वारा होता, पण छान वाटत होता, सगळे डेकवर केस उडवत फोटो काढत होते. आमची केबिन दहाव्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला. व्ह्यू चांगला मिळेल म्हणून हौसेने घेतलेली. रात्री दोनच्या सुमारास कपाटातले हँगर एकमेकांवर आपटायला लागले, टक टक टक, थांबेचनात. शेवटी मी उठून सगळे हँगर टॉवेलमध्ये गुंडाळून जमिनीवर ठेवले. नवरा म्हणाला काही नाही गं, जहाज आहे, हलणारच. सकाळी उठल्यावर तोच बाथरूमचं दार धरून उभा होता.

७ तारीख, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी सनस्क्रीन लावत होते, आई टोपी घालून तयार बसल्या होत्या, आणि स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. आता हे लक्षात ठेवा, केबिनमधल्या स्पीकरवर घोषणा शक्यतो करत नाहीत, झोपमोड नको म्हणून, तेव्हा कॅप्टन स्वतः केबिनमध्ये बोलायला लागला की समजायचं काहीतरी बिनसलंय. तो म्हणाला की बंदराच्या तोंडाशी वारा सतत ३५ नॉटच्या वर आहे, झोत ४० च्या पुढे जातायत, धक्क्याला लागायचा प्रयत्न सुरक्षित नाही, मिकोनोस रद्द, आजचा दिवस समुद्रात. ३५ नॉट म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. बोलला जेमतेम दीड मिनिट, शेवटी सॉरी, आणि संपलं.

मी बाल्कनीचं दार उघडायला गेले तर ते उघडेचना, वाऱ्याने बाहेरून धरून ठेवल्यासारखं. काचेतून बाहेर बघतोय तर आकाश असं निळंशार की एक ढग नाही, ऊन लख्ख, आणि समोर मिकोनोस. दिसत होतं हो! पांढरी घरं, टेकडी, सगळं. मधल्या पाण्यावर मात्र पांढरे फेसाचे पट्टेच पट्टे. आई म्हणाल्या, "अगं, एवढं ऊन पडलंय, ह्यात खराब हवामान कुठलं? तो काय बोलला ते नीट ऐकलंस ना?"

मिकोनोसच्या त्या प्रसिद्ध पवनचक्क्या, ज्यांच्यापुढे सगळे फोटो काढतात, त्या तिथे ह्याच वाऱ्यासाठी बांधलेल्या, धान्य दळायला. ज्या वाऱ्यासाठी त्या उभ्या आहेत त्याच वाऱ्याने आम्हाला त्या बघू दिल्या नाहीत. हे सुचायला मला दोन दिवस लागले, त्या सकाळी नुसतं रडायला येत होतं.

आणि इथेच माझी पहिली चूक झाली. मी रुसून बसले. तासभर केबिनमध्ये पडून राहिले, मग नाश्त्याला गेलो तर बुफेमध्ये अख्खं जहाज लोटलेलं, कारण त्या दिवशी कोणीच बाहेर जाणार नव्हतं. टेबल शोधण्यातच अर्धा तास. साडेदहाला मला आठवलं की अरे, दुपारी साडेबाराचं रेस्टॉरंट! वायफाय लावलं तर फिरतंय नुसतं, सगळे जण एकाच वेळी तेच करत होते, आपापली बुकिंगं रद्द. माझा मेल अकरा वाजून पाच मिनिटांनी गेला. नंतर त्यांच्या अटी उघडून वाचल्या तर तीन तास आधी कळवलं नाही तर माणशी २० युरो. कॅप्टन बोलला सव्वासातला, म्हणजे साडेनऊपर्यंत मला सव्वादोन तास होते आणि ते मी उशीत तोंड खुपसून घालवले. ६० युरो कापले गेले. मी लिहिलं की जहाज लागलंच नाही हो, तर उत्तर अगदी गोड आलं, वाईट वाटलं म्हणाले, पैसे नाही दिले. त्यांचं तरी काय चुकलं, टेबल रिकामं राहिलंच की.

डेलोसच्या बोटीचं मात्र आपोआप झालं. एवढ्या वाऱ्यात त्यांनी स्वतःच त्या दिवशीच्या फेऱ्या बंद केल्या होत्या, त्यांचा मेल आला, पैसे १६ ऑगस्टला कार्डवर परत. म्हणजे एकाच बेटावर, एकाच वाऱ्यामुळे, एक जण पैसे परत देतो आणि एक जण कापतो. कोणाच्या बाजूने रद्द झालं त्यावर सगळं.

रिसेप्शनला गेले तर रांग जिन्यापर्यंत. पुढे एक गृहस्थ काउंटरवरच्या मुलीवर जोरजोरात ओरडत होते की दुसरं एखादं जहाज आज आत गेलं असेल, मग आपलं का नाही. मनातून मलाही तेच विचारायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण नंतर डेकवर एका जुन्या अनुभवी बाईंनी सांगितलं ते पटलं. ही मोठी जहाजं पाण्याखाली आठ-नऊ मीटर असतात आणि वर बारा-चौदा मजले, म्हणजे ती उंच भिंत वाऱ्याला शिडासारखीच. समुद्रात वेगात असताना काही वाटत नाही, पण धक्क्याजवळ वेग कमी केला की वारा अख्खं जहाज बाजूला ढकलतो, आणि ते धरून ठेवायला बाजूचे थ्रस्टर (जहाजाला आडवं ढकलणारे पंखे) असतात त्यांचीही एक मर्यादा असते. छोटं जहाज जिथे जाईल तिथे मोठं जाईलच असं नाही. आणि आत जाता आलं तरी संध्याकाळी बाहेर पडता येईल का, हेही कॅप्टनला सकाळीच ठरवावं लागतं.

उद्या या म्हणावं, असंही आमच्या मनात आलं होतं. पण धक्क्यावरच्या जागा कितीतरी आधी वाटून झालेल्या असतात. सँटोरिनीला तर २०२५ पासून दिवसाला जास्तीत जास्त ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादाच आहे, त्यात आज चुकलेलं जहाज उद्या घुसवायचं कुठे.

भरपाईचं काय, हे विचारायला मी पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि उत्तर तीस सेकंदात मिळालं. तिकिटाच्या करारात लिहिलेलंच असतं (माझ्या करारात होतं, मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं) की हवामानासाठी कंपनी बंदर वगळू किंवा बदलू शकते आणि त्याची भरपाई नाही. परत मिळतात ते फक्त त्या बंदराचे पोर्ट चार्जेस. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचं शुल्क लावलंय, मोसमात मिकोनोस आणि सँटोरिनीला माणशी २० युरो आणि बाकीच्या बंदरांना ५, आमच्या कंपनीने ते आधीच टॅक्समध्ये धरलं होतं, तेही परत आलं. हे सगळं ९ तारखेला जहाजावरच्या खात्यात जमा झालं. रोख नाही, खात्यात. ते शेवटी बिलातून वजा होतं.

त्या रांगेत एक कामाची गोष्ट मात्र झाली. माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी सांगितलं की तुझा ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर बघ त्यात बंदर चुकल्याचं कव्हर आहे का, आणि असेल तर जहाजाकडून आत्ताच लेखी पत्र घे, घरी गेल्यावर कंपनीकडून मागत बसलीस तर महिने जातील. पॉलिसीची पीडीएफ फोनमध्ये होती. बघितलं, होतं कव्हर! माणशी, प्रत्येक चुकलेल्या बंदरामागे ७५ डॉलर. मग काउंटरवर पत्र मागितलं, त्या मुलीने फॉर्म भरून घेतला, नावं, केबिन नंबर, तारीख, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहीशिक्क्याचं पत्र केबिनच्या दाराबाहेरच्या खोबणीत. एका पानाचं. त्यात बंदराचं नाव, तारीख आणि कारण "जोराचा वारा" असं स्पष्ट होतं. कारण लिहिलंय ना ते तिथल्या तिथे तपासून घ्या.

बाकी दिवस कसा गेला? नवऱ्याचा आडवा. आमची ती पुढच्या टोकाची उंचावरची केबिन म्हणजे पाळण्याच्या टोकावर बसण्यातला प्रकार, सगळ्यात जास्त हलतं ते तिथेच. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर गेलं की निम्म्याने फरक पडतो. त्याला पाचव्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये सोफ्यावर नेऊन बसवलं, रिसेप्शनवर हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं ठेवली होती, ती खाल्ली, उलटीची गोळी घेतली. गोळी खरं तर त्रास व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेतली तर ती पोटात टिकायला तरी हवी. लिफ्टजवळ रेलिंगला कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या, त्या बघूनच अर्ध्या लोकांना कसंतरी होत असेल. स्विमिंग पूलवर जाळी टाकलेली आणि आतलं पाणी ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर, धप्प धप्प. आई मात्र ठणठणीत. वयाच्या ७१ व्या वर्षी त्या सगळ्यांना विचारत फिरत होत्या की लिंबू हवंय का.

बंदरात असताना बंद असणारी दुकानं आणि कॅसिनो समुद्रात आल्यावर उघडतात, त्यामुळे कंपनीचं फार काही बिघडत नाही, हा माझा त्या दिवशीचा कडवट शोध. दुपारपर्यंत नवा कार्यक्रमाचा कागद आला. तुम्ही असाल तर रद्दची घोषणा झाल्या झाल्या ते जे काही हवंय, मसाज, वेगळं रेस्टॉरंट, काहीही, लगेच बुक करा, अर्ध्या तासात सगळं भरतं. आणि जेवायला बुफेच्या गर्दीत न जाता खालच्या डायनिंग हॉलमध्ये जा, समुद्रातल्या दिवशी तो दुपारी उघडा असतो, आणि तिथे आम्ही दहा मिनिटांत बसलो. अजून एक, फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा. किनारा लांब गेला की फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो आणि त्याचं बिल वेगळंच येतं.

८ ला कुशादासी व्यवस्थित झालं. एफेससला सेल्ससच्या वाचनालयासमोर आई दगडावर बसून राहिल्या बराच वेळ, हलायलाच तयार नाहीत. ९ ला ऱ्होड्स, तिथे धक्क्यावरून चालतच जुन्या गावाच्या तटबंदीत जाता येतं, कोणाला काही विचारायला नको. पण माझं अर्धं लक्ष फोनमध्ये. वाऱ्याचा अंदाज दाखवणारं अॅप घेतलं होतं, त्यात १० तारखेचं सँटोरिनी नारिंगी दिसत होतं, मग लाल, मग परत नारिंगी. नवरा म्हणाला आता बास कर, तू बघितलंस म्हणून वारा पडणार आहे का. ते बरोबर होतं, पण ह्यावेळी मी रुसून बसणार नव्हते. ९ च्या रात्रीच गाडीवाल्याला व्हॉट्सअॅप केला की उद्या वाऱ्याचं लक्षण आहे, सकाळी नक्की कळवते. आणि रद्दचा मेल लिहूनच ठेवला ड्राफ्टमध्ये, नुसतं सेंड दाबायचं.

सँटोरिनीचं प्रकरण मिकोनोसपेक्षा वेगळं आहे. तिथे मोठ्या जहाजाला धक्काच नाही. ज्वालामुखी खचून झालेला तो मोठा खड्डा, कॅल्डेरा, त्यात पाणी एवढं खोल, तीनशे मीटरच्या वर, की नांगर टाकायचीही सोय नाही, जहाज इंजिन चालू ठेवून जागेवर तरंगत राहतं. मग स्थानिक बोटवाले छोट्या बोटी घेऊन येतात आणि लोकांना कड्यावरच्या फिरा गावाखालच्या जुन्या बंदरावर नेतात, तिथून केबल कारने वर. ह्याला टेंडर म्हणतात. म्हणजे जहाज आत आलं तरी बोटीत उतरता आलं पाहिजे. तुमच्या रूटवर कुठलं बंदर धक्क्याचं आणि कुठलं टेंडरचं हे आधी बघून ठेवा, टेंडरचं पहिलं बळी जातं.

१० तारखेला सकाळी सातला आम्ही आत शिरलो. आई पहाटेपासून उठून बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना काळे-तांबडे उभे कडे, आणि अगदी वर कोणीतरी दही सांडल्यासारखी पांढरी गावं. मी ह्या वेळी चौथ्या मजल्याच्या उघड्या डेकवर गेले, खाली प्लॅटफॉर्म उघडतात ते तिथून दिसतं. एक बोट आली. खलाशाने दोर फेकला, आमच्या माणसाने पकडला, आणि बोट वर आली ती त्याच्या छातीपर्यंत, मग खाली गेली ती एवढी की बोटीचं छप्पर त्याच्या पायाशी. दोर ताणून असा आवाज झाला की मला वर ऐकू आला. सोडला. पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बोटीची कड प्लॅटफॉर्मवर आपटली, बोटवाल्याने हात वर करून नुसता हलवला, नाही म्हणून, आणि वळला. मला घोषणेची गरजच उरली नाही. ह्या बोटीत गुडघे दुखणाऱ्या आईंनी पाय टाकायचा होता. त्या क्षणी मला खरंच वाटलं, नको, राहू दे.

घोषणा आठ पन्नासला झाली, माझा मेल आठ एक्कावन्नला गेला. गाडीवाल्याचा अंगठा आला पाठोपाठ, त्याला कड्यावरून आमचं जहाज दिसतच होतं. ६० युरो त्याने १३ तारखेला परत पाठवले, न मागता.

ह्या वेळी बदली बंदर मिळालं, क्रीटचं सूदा. साधारण पाच तासांचा प्रवास, दुपारी दोनला पोचलो, रात्री साडेआठला परत चढायचं. कॅप्टन जाताना कॅल्डेरामध्ये हळूहळू एक चक्कर मारून गेला. अख्खं जहाज डाव्या बाजूच्या रेलिंगला. आई टोपी दोन्ही हातांनी धरून उभ्या, ईया गाव समोरून सरकत गेलं तेव्हा म्हणाल्या, "निळे घुमट कुठायत गं? ते का, तो ठिपका?" मी फोनचा झूम लावून दाखवला. त्यांनी फोन बाजूला केला आणि ठिपकाच बघत राहिल्या.

सूदा का, ते तिथे गेल्यावर कळलं. ती खाडी खूप आत शिरलेली आहे, पाणी अक्षरशः तळ्यासारखं. आणि तिथून सहा-सात किलोमीटरवर हानिया गाव, बसने पंधरा-वीस मिनिटं, त्याचं जुनं व्हेनेशियन बंदर उघडं उत्तरेला, तर तिथे लाटा दीपस्तंभाच्या भिंतीवरून उड्या मारत होत्या आणि काठावरच्या फरसबंदीवर पाणी. काठाच्या पहिल्या रांगेतली टेबलं-खुर्च्या उचलून ठेवलेली. एकाच बेटावर, एकाच दुपारी. आम्ही मागच्या गल्ल्यांमधून भटकलो, काहीही ठरवलेलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या ट्रिपमधली ती सगळ्यात चांगली संध्याकाळ. पण हे मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो, छानच आहे. पण हे सँटोरिनी नाही." बरोबर आहे त्यांचं. उगाच समजूत कशाला घालायची, वाईट वाटतं ते वाटतंच.

११ ला हेराक्लिओन आणि नोसोसचा राजवाडा, ठरल्याप्रमाणे. शेवटच्या रात्री मी जहाजाच्या खात्याचं बिल छापून घेतलं आणि ओळ ओळ तपासली, तुम्हीही तपासा, कारण उतरल्यावर भांडणं अवघड. सँटोरिनीचे २० गेले आणि सूदाचे ५ लागले म्हणून माणशी १५ युरो परत आले होते, पण आईंच्या नावावर ते दिसत नव्हते, काउंटरवर सांगितल्यावर पाच मिनिटांत दुरुस्त झालं. आणि शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याचं वेगळंच झालं, त्यांनी सँटोरिनीची सहल जहाजाकडूनच घेतलेली, पण बुकिंगबरोबर मिळालेल्या फुकटच्या क्रेडिटमधून, तर पैसे परत आले ते त्याच क्रेडिटमध्ये, न वापरलं तर बुडणारं, मग ते रात्री दहाला दुकानात काय घेऊ काय घेऊ करत फिरत होते.

इन्शुरन्सचा क्लेम १७ ऑगस्टला ऑनलाइन टाकला, दोन्ही बंदरांचा. २८ ला मेल आला की अजून कागद हवेत, मूळ रूट लिहिलेलं बुकिंग कन्फर्मेशन आणि पैसे भरल्याची अंतिम पावती. जहाजाच्या अॅपमधला रूट मात्र एव्हाना बदललेला, त्यात मिकोनोसच्या जागी "समुद्रात" असं दिसत होतं, नशीब जानेवारीचा मेल मी उडवला नव्हता. निघायच्या आधीच त्याची पीडीएफ करून ठेवा. मग शांतता. १२ सप्टेंबरला मी फोन केला, क्लेम नंबर सांगून, तर "प्रोसेसमध्ये आहे". २४ ला निर्णय आला, मिकोनोस मंजूर, सँटोरिनी नामंजूर. का, तर बदली बंदर दिलं होतं, आणि पॉलिसीच्या व्याख्येत बदली मिळालं की ते बंदर चुकलेलं धरत नाहीत. मी ते कलम परत वाचलं, तसंच लिहिलेलं होतं, दुसऱ्याच वाक्यात. भांडायला जागाच नव्हती.

३ ऑक्टोबरला तिघांचे मिळून २२५ डॉलर खात्यात आले. आईंना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, "आणि ते हॉटेलवाल्याचे साठ?"

ते गेले.